खरवडलेली गल्ली

शहराच्या कडेने उठलेल्या निम्म्या वसाहतींच्या आराखड्यांतल्या रेघा नकाशेकाकांच्या हातच्या. चाळीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळायचो.

त्यांची थोरली बहीण, अक्का, मागच्या वसाहतीत एकटी राहायची. खिडकीतून खिडकी दिसे. मध्ये दहा फुटी भिंत, वर काटेरी तार. रस्त्याने साडेचार किलोमीटर.

अक्का फोनवर म्हणायची, "माझं दूध उतू गेलेलं तुला आधी दिसतं. तू येशील तोवर पातेलंही उरायचं नाही."

"मग जरा पातेल्याकडे बघत जा."

भिंतीत दार व्हावं म्हणून काका दोन वर्षं अर्ज करत होते. आमच्या वसाहतीच्या अध्यक्षांचं उत्तर ठरलेलं. "काका, मूळ आराखड्यात तिथे वाटच नाही." एरवी चेंडूएवढ्या खड्ड्यावरून भांडणारे काका यावर गप्प बसायचे.

मंगळवारी सकाळी अक्काचा फोन आला. "अरे, छातीत दुखतंय." ती खिडकीतल्या खुर्चीत दिसत होती. मी माझ्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली आणि काकांना स्कूटरवर घेतलं. "आलोच, अक्का," ते फोनवर प्रत्येक वळणाला सांगत होते. तिच्या फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली. काकांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली.

त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. "आलोच, अक्का." तिच्या मांडीवरच्या फोनमधून तोच आवाज आला. अक्का गेली होती. रुग्णवाहिका त्यानंतर आली.

चार दिवसांनी काकांनी कपाटातून आमच्या वसाहतीच्या आराखड्याचा जुना ट्रेसिंग पेपर काढला.

"इथे बोट फिरव."

गुळगुळीत कागदावर एक खरखरीत पट्टा लागला.

"भिंत आहे तिथे दहा फुटांची गल्ली होती. मीच काढली होती. बिल्डर म्हणाला, शांत वसाहत म्हणून प्लॉट विकायचेत, येणारे-जाणारे नकोत. मी ब्लेडने खरवडली. अर्ध्या तासाचं काम."

"अक्कांना माहीत होतं?"

"नाही."

त्यांनी पेन घेतलं, पट्टी धरली. पहिली रेघ ओढताच शाई पसरली.

"खरवडलेल्या जागी असंच होतं," ते म्हणाले. दुसरी रेघ ओढली. तीही पसरली.

रविवारच्या सभेत त्यांनी तो कागद अर्जासोबत अध्यक्षांपुढे ठेवला.

"मूळ आराखड्यात वाट होती. मी पुसली."

 अध्यक्षांनी कागद उजेडाकडे धरला.