काचेची गवसणी

रविवार, १३ डिसेंबर १९५३. सकाळची कामं आटोपून मी आमच्या मोटारसायकलची पुढची काच धुवायला मोरीत घेतली. तारीख लक्षात राहिली, कारण त्याच संध्याकाळी माझे सासरे, मामंजी, आमचं मुलुंडचं घर सोडून बोरीवलीला लेकीकडे राहायला गेले.

काच धुण्याची रीत त्यांनीच घालून दिली होती. आधी नुसतं पाणी ओतायचं, भरपूर, म्हणजे धुळीचे कण आपोआप वाहून जातात. मग बांगड्या वर सारून साबणाच्या पाण्यात बुडवलेला तळवा फिरवायचा. कोरडं फडकं लावायचं नाही आणि राख तर जवळसुद्धा आणायची नाही. मी सगळं नीट केलं, काच उजेडात धरली, तर पलीकडचं धड दिसेना. वरपासून खालपर्यंत बारीक ओरखडे होते. पाण्यात दूध पडावं तशी ती गढूळ झाली होती.

आम्ही काच म्हणायचो, पण ती खरी काच नव्हती. विमानाला लावतात तसलं, सहजी न फुटणारं प्लॅस्टिक होतं. मामंजी आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. भंगारातून त्याचा पत्रा त्यांनीच शोधून आणला होता.

त्याआधी दोन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. माझे यजमान रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर. भांडुप ते घाटकोपर दिवसभर हिंडायचं, म्हणून त्यांनी जुनी मोटारसायकल घेतली, ती वडिलांना न विचारता. मामंजींनी ती पाहिली थेट दारात. तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं माझ्यामार्फत चाले.

"सूनबाई, विचार त्याला, आज उशीर का?"

"अहो, मामंजी विचारतात—"

"ऐकलं मी. सांग, डांबर उशिरा आलं."

"डांबर उशिरा आलं, मामंजी."

"डांबराला पाय नसतात म्हणावं. ते कुणीतरी वेळेवर आणावं लागतं."

एकाच खोलीत, तीन हातांच्या अंतरावर हे चाले. मी मात्र निरोप जसाच्या तसा द्यायची. मीठमसाला लावायचा नाही आणि धारही बोथट करायची नाही. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हिच्या तोंडून आलं ते खरं समजावं." मला त्याचा अभिमान होता.

मग एक दिवस ते म्हणाले, "त्याचे डोळे बघितलेस? धुळीने लाल झालेत." दुसऱ्या दिवशी तो पत्रा घरात आला. शेगडीवर धरून त्यांनी त्याला बाक दिला आणि पुढे तीन आठवडे दंतमंजन आणि धोतराची चिंधी घेऊन तो घासत बसले. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. गुळगुळीत झालं की नाही हे ते बोटांनी बघत. गाडीला काच बसवायच्या दिवशी ते एकदम म्हणाले, "नट जास्त आवळू नकोस, तडकेल."

"बरं, बाबा," हे म्हणाले.

मी आत कणीक मळत होते. हात थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावाचून काही बोलणं झालं होतं.

कामावर पोचलं की ही काच काढून गाडीच्या बाजूच्या थैलीत ठेवावी लागे, नाहीतर येणारा-जाणारा हात लावी. मामंजींनी मला आपली दोन जुनी, मऊ धोतरं दिली. "तबल्याला असते तशी गवसणी शिव. आतून हेच कापड लाव."

मी विचार केला, धोतर महिन्याभरात विरेल. त्यांची मी स्वयंपाकघरात फडकी केली. गवसणी शिवली उरलेल्या कॅनव्हासची, दुहेरी शिलाईची, आणि एवढी मजबूत पिशवी होतेय तर नट आवळायचे पाने ठेवायला आतून एक कप्पाही. मामंजींनी ती वरून चाचपली आणि म्हणाले, "भक्कम आहे." आत काय लावलंय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जाड कापडात रस्त्याची धूळ बसते आणि झटकून जात नाही. दिवसातून चार-पाच वेळा काच त्यात सरकायची आणि बाहेर यायची. शिवाय शेजारी लोखंडी पाने. आज कुणालाही सांगेन, काचेच्या पिशवीत काचेखेरीज काही ठेवू नका, आणि ती पिशवी दर आठवड्याला उलटी करून धुवा. तेव्हा मला टिकाऊपणाखेरीज काही सुचत नसे.

मी मोरीतच असताना मामंजी आंघोळीला आले. त्यांनी काच हातात घेतली, नख फिरवलं आणि यजमानांना हाक मारली.

"कोरड्या फडक्याने पुसलीस ना? बापाने केलेली वस्तू म्हणून कशीही वापरायची?"

यजमानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "चुकलं माझं, बाबा."

मामंजी माझ्याकडे वळून थांबले. मी तांब्या उचलला आणि मोरी धुऊ लागले.

संध्याकाळी त्यांनी ट्रंक भरली. ते गेल्यावर मी यजमानांना विचारलं, "पिशवीने झालं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. पाने कुठे ठेवलेस ते मला दिसत नव्हतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बाबांची बोलणी खायची मला सवय आहे. तुला नाही."

पुढे मामंजी आमच्याकडे सणावाराला येत राहिले, पाटावर बसत, जेवण छान झालं म्हणत, पाहुण्यासारखे. राहायला पुन्हा कधी आले नाहीत.

ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, यजमानांचा डबा भरून दिला आणि मी दादरला गाडी बदलून बोरीवलीला गेले. वन्संनी दार उघडलं.

"अगं, तू? इतक्या सकाळी? भांडायला आलीस की न्यायला?"

"मामंजींशी बोलायचंय."

ते गॅलरीत बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "काच मी खराब केली. धोतरं लावलीच नाहीत. आत पाने ठेवले. काल बोलायला हवं होतं, बोलले नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ओरखडे उभे होते. पुसण्याचे गोल पडतात. एवढं माझ्या बोटांना कळत नाही होय?"

"मग यांना का बोललात?"

"तू तोंड उघडतेस का, बघत होतो." ते रागावलेले नव्हते. त्यापेक्षा रागावले असते तर बरं. "काच काय, दुसरी होईल. पण त्या घरात मी तुझ्या शब्दावर चालत होतो गं."

मी सवयीने विचारलं, "यांना काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. खालून एक पोस्टकार्ड आण. मी त्यालाच लिहितो."

मी खाली जाऊन कार्ड आणलं. डोळ्यांमुळे त्यांची पत्रं दोन वर्षं मीच लिहीत असे, म्हणून टाक हातात घेऊन मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी वन्संना हाक मारली. मी टाक वन्संच्या हातात दिला, उठून आत गेले आणि त्यांची भाजी चिरायला घेतली.