जमैकावालीच्या खोलीतला ढोल

माझी पोट्टी इंग्लंडात नर्स आहे. तिची घरमालकीण म्हातारी, मूळची जमैका बेटावरची. "बाबा, रविवारी मी तिच्यासंग प्रार्थनेला बसते," असं पोट्टी फोनवर सहज बोलून गेली. कोणती प्रार्थना, मी खोदून खोदून विचारलं.

त्या धर्माले रिव्हायवल म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी जमैकात आपला ढोल, आपले पूर्वज अन् येशू, सगळं एकत्र सांभाळलं. म्हातारीची आई कामासाठी इंग्लंडात आली, तर गोऱ्यांच्या चर्चमध्ये तिच्याशेजारी कोणी बसेना. मग तिनं घरातच टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला अन् ढोल सुरू केला. ढोल वाजला की बायांच्या अंगात येते.

अंगात येते म्हटलं अन् मले माय आठवली. नागपूरकडून आमची माणसं रेल्वेच्या कामाले रायपूरले आली, तेव्हा देवीही संग आली. ती मायच्या अंगात यायची. "कोण आहेस तू? काय पाहिजे तुले?" असं विचारल्याशिवाय देवी जात नाही, हे आमच्यात सगळ्यांले माहीत. एकदा कोणी विचारलंच नाही. माय तीन दिवस मले ओळखत नव्हती.

"मले दाखव. त्याशिवाय जायचं नाही," मी पोट्टीले ठणकावलं.

रविवारी संध्याकाळी सुनेनं रायपुरातल्या आमच्या तेलीबांध्याच्या घरी मोबाईल लावून दिला. तिकडं दुपार होती. डोक्याले पांढरी फडकी बांधलेल्या बाया हुं हुं करत गोल फिरून राहिल्या होत्या. मधात माझी पोट्टी, डोळे मिटून डोलत.

"कोण आहेस तू?" मी फोनमध्येच ओरडलो. "काय पाहिजे तुले? सोड माझ्या पोरीले!"

"बाबूजी, पूरा पारा सुन रहा है," सून म्हणाली.

"सुनू दे सगळ्या मोहल्ल्याले!"

तिकडं ढोल थांबला. घामानं डबडबलेली म्हातारी फोनपाशी येऊन काहीतरी बोलली. पोट्टीनं डोळे उघडले.

"काहून ओरडून राहिले बाबा? ती विचारते, तुमच्याच अंगात आलं का?"

"मी कोण आहे, सांग आधी!"

"माझे बाबा. हट्टी."

"घरी ये."

"नाही येत. इथं रविवारी मले कोणी एकटी पडू देत नाही."

परवानगी मी दिली नाही, अजूनही दिलेली नाही. एवढंच सांगितलं, दर रविवारी फोन चालू ठेवायचा, अन् तुझं तोंड मले दिसलं पाहिजे.