मामा आणि आमच्या घराण्याची खाज

माणसाचं शरीर देवानं फक्त खाजवण्यासाठी घडवलंय, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरचा निघाला. हे आमच्या ह्यांचे मामा.

राहायचे बाळकुमला, पण दर रविवारी डोंबिवलीला आमच्याकडे हजर. आले की आधी मुलांना गॅलरीत उजेडात उभं करायचे आणि माना, कोपरं, बोटांच्या बेचक्या तपासायचे. नायटा दिसला की टॉवेल वेगळे, उवा दिसल्या की घरभरच्या उशा उन्हात. आठवडाभर ऑफिस करून मी जेमतेम टेकलेली असायचे, तर मामा चादरी उकळायला सांगायचे. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी त्यांनी जन्मात प्यायलं नसेल. एकदा हळदीच्या मांडवात त्यांनी नवरदेवाच्या भाचीचा हात धरून मोठ्यानं जाहीर केलं, "ही खरूज आहे! औषध घरातल्या सगळ्यांनी एकदम लावायचं, एकटीनं लावून उपयोग नाही." पंगतीत मग लोक जिलेबी कमी खात होते आणि अंग जास्त खाजवत होते. ती मंडळी पुढे कितीतरी दिवस आमच्याशी बोलत नव्हती.

माझी मुलगी आठवीत असताना तिच्या ओठाशी पांढरा डाग उठला. कोणी म्हणालं जंत असतील, कोणी म्हणालं कॅल्शियम कमी. डाग वाढत गेला. ती डबा तसाच परत आणायला लागली. विचारलं तर, "माझ्यासोबत कोणी खात नाही गं, आई."

मामा आले तेव्हा मी आधी बाहेरचं दार लावून घेतलं. आता हे अख्ख्या सोसायटीला ऐकवणार! त्यांनी तिला गॅलरीत नेलं, बराच वेळ पाहिलं आणि हळूच मला म्हणाले, "अगं, हे माझ्या आवाक्यातलं नाही. उद्या स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोड आहे. औषधानं फरक पडेल, पण वेळ लागेल. औषध कधी, कसं लावायचं ते मी लिहून घेत होते. मामा मात्र पुन्हा पुन्हा विचारत होते, "एकाचं दुसऱ्याला होत नाही ना? नक्की?"

"नाही हो काका, अजिबात नाही."

पुढे आमच्याकडे पूजेला नातेवाईक जमले. जेवताना मुलीच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. बोललं कोणी नाही, फक्त जरा सरकून बसले. मामा आपलं ताट सोडून उठले, तिच्या शेजारी बसले, तिच्या ताटातली अर्धी पुरणपोळी तोडून खाल्ली आणि तिच्याच पेल्यातलं पाणी प्यायले. "आमटीत मीठ कमी आहे," एवढंच म्हणाले. मुलीनं उरलेली अर्धी पोळी खाल्ली आणि आणखी एक मागितली.

ओठाच्या डागात बराच रंग भरलाय, गुडघ्यावर नवा आलाय. ती आता कॉलेजला जाते. मामांना त्यांच्या लेकीनं नाशिकला नेलं. संध्याकाळी त्यांचा फोन येतो, तो तिच्यासाठीच. मी आतून कांदा चिरत ऐकते. मला कधी न सांगितलेलं बरंच काही ती त्यांना सांगत असते, मधेच हसते.

"काय म्हणाले गं मामाआजोबा?" मी विचारते.

"काही नाही," ती म्हणते. "ते नुसते ऐकत असतात."