मांडवात टांगलेली सरू

"ए बाबा, खुर्चीवरून ऊठ. तिथं वकील लोक बसणार हायत. तू खाली सतरंजीवर बस."

काळ्या कोटातलं पोरगं होतं. माझ्या नातवाच्या वयाचं. मी उठलो. गुडघे धरत खाली बसलो. वर पाह्यलं तर समोर माझी बायको.

परभणीत कोर्टाच्या फाटकासमोर वकिलांचा मांडव पडला होता. हायकोर्टाचं खंडपीठ आपल्या जवळ पायजे म्हणून साखळी उपोषण. मांडवात हे मोठं फ्लेक्स. त्यावर सरूचा फोटो. कपाळावर कुंकू, गळ्यात छापलेला हार. मी चौथी शिकलेला. खालची अक्षरं जुळवून जुळवून वाचली. 'न्यायाच्या वाटेवर गेलेला बळी.'

मला कुणी इचारलं न्हवतं.

सरू राणीसावरगावची लेक. मी पूर्णेला रेल्वेत गँगमन. रुळाखाली खडी ठोकण्यात उमर गेली. तिचा बाप वारला तवा भावांनी लुगडं-चोळी पुढं केली आन् म्हणले, "अक्का, हक्कसोडावर अंगठा दे." आमच्याकडं बहिणी देतात. जी देत न्हाई तिचं माहेर तुटतं. सरूनं लुगडं माघारी सारलं. म्हणली, "लुगडं नको. वाटा द्या."

खालच्या दोन्ही कोर्टांत ती जिंकली. भाऊ हायकोर्टात गेले. हायकोर्ट म्हणजे आमाला औरंगाबाद, आताचं संभाजीनगर. तारीख असली की अंधारात गाडी धरायची. तिच्या पायाला सूज. चपलीत पाय बसायचा न्हाई. हातात चप्पल धरून कोर्टात चढायची.

शेवटच्या तारखेला आमचा पुकारा झाला. आमचे वकीलसाहेब उभे राह्यले, इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, बाहेर आले. सरूनं त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, काय झालं?"

"मुदत मागून घेतली. आज तयारी न्हवती."

"आमी लय लांबून आलाव हो."

"तुमाला कशाची घाई, बाई? जमीन काय पळून चालली का?"

बाजूचे दोघं कोटवाले हसले. सरू बी हसली. काय करावं कळंना म्हणून हसली. ते हसणं मला अजून दिसतं.

परतीच्या गाडीत तिनं भाकरीचं फडकं सोडलंच न्हाई. घर जवळ आल्यावर म्हणली, "जमीन न्हाई पळत. मीच चालले की."

पुढल्या तारखेआधी गेली. घरात गेली, माझ्या हातावर. सवाष्ण बाई गेली की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. राणीसावरगावचं कुणी आलं न्हाई. मी पूर्णेच्या दुकानातून आणलं आन् घातलं.

तेराव्यानंतर वकिलाच्या कारकुनाचा फोन. "बाईचा एक चांगला फोटो द्या." मला वाटलं, केसला वारस म्हणून माझं आन् लेकीचं नाव लावायचंय, त्याला लागत असल. भिंतीवरचा काढून दिला. मांडवाच्या दिवशी परभणीला बोलावलं, तेबी त्याच कामाला असल म्हणून धुतलेलं धोतर नेसून गेलो.

मांडवात आमच्याच वकीलसाहेबांनी माईक घेतला. "ही अडाणी माउली संभाजीनगरच्या वाटेवर रेल्वेच्या डब्यात तडफडून मेली! खंडपीठ जवळ असतं तर आज ती जित्ती असती!"

टाळ्या. कॅमेरेवाला माझ्या तोंडाजवळ आला. साहेबांनी माईकवर हात ठिवला, वाकून हळूच म्हणले, "बाबा, जरा रडा की."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत न्हाई. मी उठलो.

"साहेब, ती डब्यात न्हाई मेली. त्या दिवशी ती तुमच्या समोर उभी होती. तुमी मुदत मागितली."

"हे तुमच्याच भल्यासाठी चाललंय. तुमाला कळत न्हाई त्यातलं."

"समदं कळतंय."

फ्लेक्स बांबूला दोऱ्यांनी बांधलं होतं. एकेक गाठ सोडली. रेल्वेतला हात हाय, वेळ लागला न्हाई. ते पोरगं धावून आलं. "ए म्हाताऱ्या, फ्लेक्स आमचं हाय!"

"बायको माझी हाय."

कुणी पुढं आलं न्हाई. गुंडाळलं, काखेत घेतलं आन् पूर्णेची बस धरली.

खंडपीठ पायजेच. सुजल्या पायानं तिथवर जाणं काय असतं ते मला माहीत हाय, मांडवातल्या खुर्च्यांना न्हाई. पण ते जवळ आलं आन् आमच्या जमिनीचं, आमच्या माणसाचं काय बोलणं झालं ते आमालाच कुणी सांगणार नसल, तर नुसतं गाडीभाडं वाचल. मागायचं तर दोन्ही मागू. मांडवात परत जाईन, पण आपल्या तोंडानं बोलायला जाईन. बोलू दिलं न्हाई तर रस्त्याच्या पल्याड माझा मी वेगळा बसंन.

वकीलपत्र काढून घेतलं. दुसरा वकील केला. त्याला पयल्याच दिवशी सांगितलं, आत जे बोलशील ते बाहेर मला मराठीत सांगायचं, जमत नसल तर आताच सांग.

भावांचा निरोप आला, बाईच राह्यली न्हाई, आता मिटवून टाका. मिटवणार न्हाई. खंडपीठ जवळ येवो न येवो, तारखेला मी तिथं उभा असणार. माझ्यानंतर लेक उभी राहील. सरूचा वाटा सोडणार न्हाई.