मेणावर उमटलेले दात

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर दोनच गोष्टी मनापासून केल्या. लोकांच्या कवळ्या बनवल्या आणि लोकांवर संशय घेतला. पहिलं पोटासाठी, दुसरं हौसेनं. गल्लीतली मुलं त्यांना दातोबा म्हणतात. हे नाव मुलांना कुणी शिकवलं याबद्दल त्यांचा माझ्यावर संशय आहे. तो बरोबर आहे, पण तो विषय वेगळा.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, हे त्यात प्लास्टर ओततात, त्या प्लास्टरच्या जबड्यावर मेणाची कवळी घडवतात आणि मग ती पक्क्या गुलाबी प्लास्टिकमध्ये उतरवतात. भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर गावातले जबडे ओळीनं बसलेत. रस्त्यात कुणी भेटलं की सासरे आधी दात बघतात, मग माणूस. बँकेतला कॅशिअर त्यांच्या लेखी ‘खाली दाटी’ आणि शाळेच्या मुख्याध्यापिका ‘वर फट’. स्वतःच्या तोंडात मात्र त्यांनी स्वतःच बनवलेली कवळी आहे, आणि ती इतकी सुबक आहे की नवखा माणूस फसतो.

त्यांचं एक दुखणं होतं. कवळी हे बनवणार, ती बसणार दुसऱ्याच्या तोंडात आणि नाव होणार डॉक्टरांचं. ‘आपलं म्हणून एक तरी काहीतरी पाहिजे,’ असं ते चहा पिताना म्हणायचे, आणि आम्ही मान हलवायचो. मग त्यांना ते सापडलं. कवळी दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसांना ते नेहमी विचारायचे, दात गेले कसे? बहुतेकांची गोष्ट एकच असायची. फटींत अडकलेलं तिथंच कुजलं. फटींतून फिरवायचा बारीक दोरा मिळतो, लोक तो हौसेनं आणतातही, पण त्याची डबी कपाटात पडून राहते. ब्रश मात्र रोज हातात येतो. मग दोरा ब्रशमध्येच घातला तर?

झालं. दांड्याच्या पोटात दोऱ्याची बॉबिन, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला दोन छोटी शिंगं. बॉबिनमधला दोरा त्या शिंगांमध्ये ताणलेला. वरच्या टोकानं दात घासा, उलटा करा आणि फटी साफ करा. बॉबिन माझ्या सासूबाईंच्या शिलाई मशीनमधून गायब झाली होती. नमुना कवळीच्याच गुलाबी प्लास्टिकचा होता, त्यामुळे पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा कुणाची तरी हिरडी उपटून तिला दांडा लावल्यासारखं वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी तो लगेच रुमालाखाली लपवला आणि मला विचारलं, “तुला कुणी पाठवलंय?”

ब्रशच्या एका कारखान्यातल्या साहेबांनी त्यांना नमुना घेऊन यायला सांगितलं होतं. पसंत पडला तर वस्तूवर यांचं नाव येणार होतं. तेव्हापासून घरात कुणाचंही हिंडणंफिरणं सरळ राहिलं नाही. नमुना कुलपात आणि किल्ली चष्म्याच्या डबीत. ते काम करताना दार लोटलेलं असायचं आणि आम्ही जरा कुजबुजलो की त्या दाराच्या फटीत एक डोळा दिसायचा. आपण दाराआडून बघतो हे कुणाला कळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. नवऱ्यानं फोनवर ‘हो, हो, देतो पाठवून’ म्हटलं तर त्याची अर्धा तास उलटतपासणी. मीही शेवटी इतकी बिथरले की भाजीवाल्यानं ‘सासरे काय म्हणतात?’ विचारलं तर मलाच शंका आली, हा का विचारतोय?

सगळ्यांत जास्त संशय मामांवर. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. प्लास्टिकच्या बाटल्यांच्या कारखान्यात साच्यांवर काम करतात. दर रविवारी येतात, सगळं तोंड उघडून हसतात आणि जाताना फराळाचा निम्मा डबा फस्त करून जातात. एका रविवारी त्यांनी सहज विचारलं, “भाऊजी, आत काय चाललंय? बॉम्ब बनवताय का?” सासऱ्यांचा चेहरा मी पाहिला. मामांचं नाव त्या दिवशी पक्कं झालं.

मग ती सकाळ आली. मूठ हातात नीट बसावी म्हणून सासऱ्यांनी दांड्यावर मेण चढवलं होतं आणि ते घट्ट व्हायला नमुना टेबलावरच ठेवला होता. डॉक्टरांकडे एक कवळी पोचवून ते परत आले आणि पुढच्या खोलीतून नुसताच घशातून आवाज आला. आम्ही धावलो. दोरा ओला होता. आणि मुठीवरच्या मेणात कुणाचे तरी दात स्पष्ट उमटले होते.

“कुणीतरी हा तोंडात धरलाय,” सासरे म्हणाले.

“उंदीर असेल,” नवरा म्हणाला.

“उंदराला वरचे चार दात असे असतात?”

दुसऱ्या कुणी पोलिसांत जायची धमकी दिली असती. माझ्या सासऱ्यांनी त्या खुणेत प्लास्टर ओतलं. तासाभरात त्यांच्या तळहातावर चोराचे दात होते. पुढचे चार, आणि त्यातला सुळ्याशेजारचा एक जरासा आत वळलेला. ते भिंतीवरचे सगळे जबडे उतरवून बसले आणि एकेक शेजारी ठेवून बघू लागले. कॅशिअर नाही. मुख्याध्यापिका नाहीत. डॉक्टरांचाही जबडा त्यांच्याकडे होता, तो त्यांनी जरा आशेनंच पाहिला, पण डॉक्टरही नाहीत. जेवताना ते माझ्या तोंडाकडे इतकं टक लावून बघत होते की मी चावायचंच सोडून दिलं. सासूबाई मुकाट्यानं वाढत होत्या. ‘घरातलंच कुणीतरी आहे,’ असं ते ज्या सुरात म्हणत होते, त्या सुरापुढं खरं बोलायची कुणाची छाती झाली नसती.

रविवारी त्यांनी सफरचंदं आणली. आजवर या माणसानं घरात फळ आणल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मामा आलेले होतेच. सासऱ्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक सफरचंद ठेवलं.

“एकच घास घ्यायचा. पुढच्या दातांनी. मग मला परत द्यायचं.”

“औषध घातलंय का यात?” मामांनी विचारलं आणि हसत हसत कचकन चावा घेतला. नवऱ्यानं घेतला, मी घेतला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे सुरी आणून फोडी केल्या आणि एक फोड गालात ठेवली. त्याकडे कुणी लक्षही दिलं नाही. त्या पेरूसुद्धा कापूनच खातात आणि कणसाचे दाणे सोडून खातात. हसायला आलं की त्यांचा तळहात तोंडावर जातो. जुन्या वळणाची बाई, असं मी लग्न होऊन आल्यापासून धरून चालले होते.

सासरे उष्टी सफरचंदं ताटात घालून आत गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात प्लास्टरचे दात होते आणि दुसऱ्या हातात मामांचं सफरचंद.

“जुळतंय,” ते म्हणाले. “तोच दात. तसाच आत वळलेला.”

मामांनी स्वतःचं सफरचंद निरखून पाहिलं. “अहो भाऊजी, मी तुमच्या ब्रशनं दात कशाला घासू? माझा ब्रश मेलाय का?”

“घासायला नाही. बघायला. साच्याचं काम करतोस ना तू? साचा काढून मोकळाही झाला असशील.”

“बाबा, जरा मोठाच दिसतोय हा चावा,” मी म्हटलं. खरंच दिसत होता.

“सफरचंदात फाकतो चावा. तू मध्ये पडू नकोस.” मग ते मामांकडे वळले. “खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. पुन्हा या घरात पाऊल ठेवायचं नाही.”

मामांचं तोंड मी पहिल्यांदाच मिटलेलं पाहिलं. ते वाद घालतील, ओरडतील असं मला वाटलं होतं. ते नुसतेच उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या, पण त्यांना त्या दिसेनात. मला सासऱ्यांचा असा राग आला की ते प्लास्टर घेऊन जमिनीवर आपटावं.

तेवढ्यात सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. ताटलीतलं एक अख्खं सफरचंद उचललं. सगळ्यांच्या समोर, तोंडावर हात न धरता, पुढच्या दातांनी त्याचा चावा घेतला आणि ते सासऱ्यांपुढं धरलं.

“घ्या. जुळवून बघा.”

सासऱ्यांनी प्लास्टर त्या चाव्यात टेकवलं. कवळी नीट बसली की ते बोटानं हलकेच दाबून बघतात, तसं त्यांनी ते सवयीनं दाबलं. कणभरही हललं नाही. मामांचा आणि सासूबाईंचा दात एकाच आईकडून आलेला, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

“तू?” सासरे म्हणाले. “तू कशाला?”

“त्या दातामागं अडकतं माझं. कधीपासूनचं. काडीनं निघत नाही, ब्रश पोचत नाही.” त्या भावाकडे बघत बोलत होत्या, सासऱ्यांकडे नाही. “तुम्ही फटीचं आणि दोऱ्याचं करताय हे दिसलं. वाटलं, आठवलं असेल. माझ्यासाठीच करताय आणि गंमत म्हणून लपवताय.”

“काय आठवलं असेल?”

“दात.”

“तुझा दात वाकडा आहे हे मला कसं माहीत असणार?”

सासूबाईंनी आता त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्हीच म्हणाला होतात. लग्न झाल्या झाल्या. हसलीस की हा दात वाईट दिसतो, माझं काम शिकून झालं की सरळ करून देतो.”

“मी असं म्हणालो?”

त्यांच्या डोळ्यांत नेहमीचा संशय आला, क्षणभरच. मग तो गेला आणि त्याच्या जागी काय ठेवावं हे त्यांना कळेना. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. सहज टाकलेलं एक वाक्य ते विसरून गेले होते, आणि त्या वाक्यापायी या बाईनं जन्मभर तोंडावर हात धरला होता. गावातला जबडा न जबडा ओळखणाऱ्या माणसाच्या फळीवर बायकोचे दात नव्हते. ते बघायला त्यांना चोर शोधावा लागला. मला रडू येत होतं, आणि सासऱ्यांचीही कीव येत होती, जी मला अजिबात करायची नव्हती.

शेवटी ते मामांना म्हणाले, “बस. चहा घेऊन जा.” माफी म्हणून त्यांना एवढंच जमतं. मामा चपलांचा नाद सोडून बसले. भल्या स्वभावाचा माणूस आहे तो.

चहा घेताना सासऱ्यांनी कपात बघत विचारलं, “पण दांडा का चावलास?”

“ओला झाला की दोरा ढिला पडतो. बॉबिन फिरवून ताणायला दोन हात लागतात. मग दांडा धरायचा कशात?”

स्वतःच्या तोंडात दात नसल्यामुळे सासऱ्यांनी सगळ्या चाचण्या प्लास्टरच्या जबड्यांवर घेतल्या होत्या, आणि प्लास्टरच्या तोंडाला थुंकी सुटत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुठीजवळ एक छोटं चाक बसवलं. आता दोरा एका अंगठ्यानं ताणता येतो. मग त्यांनी शिंगं थोडी तिरपी केली. कशासाठी, ते सांगितलं नाही, पण नमुना त्यांनी कुलपात न ठेवता मोरीतल्या पेल्यात, सासूबाईंच्या ब्रशशेजारी ठेवला. कारखान्यातल्या साहेबांनी तसाच केलेला दुसरा नमुना ठेवून घेतला आणि कळवतो म्हणाले. “कळवतो म्हणाले म्हणजे ढापणार,” असं सासऱ्यांचं मत आहे. माझंही थोडंसं तेच आहे.

घर आता बरंच सरळ झालंय. एक गोष्ट तेवढी राहिली. सासूबाई सफरचंद चावून खातात, मनमोकळं हसतात, पण सासरे खोलीत आले की त्यांचा हात तोंडावर जातो. त्या मुद्दाम करत नाहीत, तो आपोआप जातो. सासऱ्यांनी एकदा ‘अगं, राहू दे ना,’ म्हणून पाहिलं, तेव्हा तो आणखी घट्ट बसला.

गेल्या रविवारी मामा आले होते. कुठल्याशा लग्नातली फजिती सांगत होते आणि बहीणभाऊ दोघंही तो एकच वाकडा दात दाखवत खो खो हसत होते. मी चहाचा ट्रे घेऊन पुढच्या खोलीवरून चालले होते. दार लोटलेलं होतं आणि फटीत डोळा होता.

“बाबा, चहा झालाय. बाहेर या ना,” मी म्हटलं.

त्यांनी मला हातानं गप्प केलं. “थांब जरा,” ते अगदी हळू म्हणाले. “मी बाहेर आलो की ती हात धरेल.”

त्यांचा कप मी आतच ठेवला.