गाठ सुपारीएवढी असताना

"मग करूच नका माझं लग्न!" मनालीनं कोथिंबिरीची जुडी परातीत आपटली. "मोडा. हातकणंगल्याला फोन लावतो आत्ताच."

"लाव की. आई हटून बसलीया म्हणून सांग," सरुबाई म्हणाली.

"अगं, दोघी जरा दमानं घ्या की!" मनालीचा बाप जयसिंग कांदा चिरता चिरता ओरडला. डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच आहे, असं दिसावं म्हणून तो गरजेपेक्षा जास्तच कांदा चिरत होता.

गडमुडशिंगीच्या त्या घरात सकाळपासून हेच चाललं होतं. सरुबाई एसटीत कंडक्टर. मलकापूरच्या गाडीत तिचा आवाज शेवटच्या बाकावर झोपलेल्यालाही उठवायचा. मागच्या वर्षी त्याच गळ्यात गाठ आली. लिंफोमा निघाला, गाठींचा कॅन्सर. केमो झाली, गाठ विरघळली, जयसिंगनं गल्लीत पेढे वाटले. आणि आता मानेच्या त्याच बाजूला ती पुन्हा हाताला लागली होती.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सांगितला होता. सरुबाईच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, गाठीतल्या पेशींवरची एक खूण ओळखायला त्यांना शिकवायचं आणि परत तिच्या अंगात सोडायच्या.

"म्हंजे बिल्ला बघून धरायचं," सरुबाई तिथंच म्हणाली होती. "आणि एखाद्यानं बिल्ला काढून खिशात घातला तर?"

डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. कधी कधी तसंही होतं, म्हणाल्या. म्हणून तर सुई घालून पुन्हा तपासलं. तुमच्या गाठीवर ती खूण अजून ठळक आहे. गाठही एकच आहे, सुपारीएवढी. ती वाढली, छातीपोटात पसरली, की या पेशी दमतात आणि पेशंटला त्रासही जास्त होतो. खात्री कुणालाच देता येत नाही. पण यायचं तर आत्ता या.

अडलं होतं ते या 'आत्ता'वर. मनालीचं लग्न डिसेंबरात होतं आणि एकदा उपचार सुरू झाले की सरुबाईला बरेच दिवस मुंबईतच, माणसांच्या गर्दीपासून लांब राहायचं होतं.

"लग्न झाल्यावर जातो की मी. दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"सुपारीचा नारळ होतोय!" मनाली किंचाळली.

सरुबाईला ते कळत नव्हतं असं नाही. पण आपण मुंबईला गेलो आणि परत आलोच नाही, तर? आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकी नवऱ्यामुलासकट गाडीत बसवल्या, त्यांच्या ट्रंका टपावर चढवल्या. स्वतःच्या लेकीचं लग्न तरी डोळ्यांनी बघून जाऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं. ते तोंडानं म्हणायची मात्र तिची तयारी नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या अंबूबाई ताकाचा तांब्या घेऊन आत आल्या.

"काय गं सरे, तुमचा दंगा पार आमच्या गोठ्यात ऐकू याय लागलाय. म्हशीनं दूध चोरलं की!" तांब्या ठेवून त्यांनी बूड टेकलं. "मुहूर्त कवाचा धरलाय म्हणायचा?"

"आमच्यात कुठला मुहूर्त, वैनी?" जयसिंग म्हणाला. "बुद्धाच्या पुढं कुठलाबी दिवस चांगलाच. हॉल तेवढा रिकामा गावाय पायजे. त्यो डिसेंबरात गावला."

अंबूबाईंनी तिघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"म्हंजे पंख्याखुर्च्यांसाठी रडताय व्हय ही सगळी?"

सरुबाईला हसू फुटलं. ती इतकी हसली, की ठसका लागून अर्धं ताक तिलाच पाजावं लागलं. मनालीही हसली, रडली, पुन्हा हसली. जयसिंग कपाळाला हात लावून बसला आणि कांद्याचा हात डोळ्याला लागल्यावर खरोखरच रडला.

सरुबाईनं हातकणंगल्याला विहीणबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"बाळाबाई, तुमास्नी हॉल पायजे का सून पायजे?"

"सूनच की वो! हॉल घिऊन काय करू? त्यो भाकरी थापतोय व्हय?" पलीकडून आवाज आला. "आमचा पोरगा संघर्ष हितंच हाय, त्याला पण इचारते." मग पलीकडं कुजबुज झाली, कुणीतरी शिट्टी मारली. "ह्यो तर म्हणतोय, आजच येतो!"

"आज नगं. आज कांदाच लई झालाय," म्हणत सरुबाईनं फोन ठेवला, पदर खोचला आणि गाडीतल्या आवाजात सगळ्यांना ऐकवलं,

"लग्न येत्या रविवारी, आपल्या अंगणात. सोमवारी मी मुंबईला."