सत्तेचाळिसावं पान

आम्ही ज्या मोठ्या कंपनीसाठी काम करायचो, तिच्या सादरीकरणात आमचं नाव शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात असायचं. इतकं बारीक की मला चष्मा लावून शोधावं लागे. वर मात्र ठळक अक्षरांत, ‘आपण एक कुटुंब’. कुटुंबात सुनेची जागा कुठे असते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. राग मात्र आला, आणि तो मी पोसला.

आमची कंपनी म्हणजे मुरुडला एसटी स्टँडमागच्या लॉजच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक इन्व्हर्टर आणि आम्ही दोघं. तो माझा शाळेपासूनचा मित्र. अकरा वर्षं कतारला नोकरी करत होता. मीच त्याला भरीस पाडून परत आणलं. तो आला त्याच आठवड्यात त्याच्या अम्मीने, आमच्या खालाने, त्याची भलीमोठी प्रवासाची बॅग रिकामी केली आणि तिच्यात घरातल्या गोधड्या भरून ठेवल्या. “आता हिला दुसरं काम नको,” म्हणाली. त्याचे अब्बा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच होती.

आमचं काम ग्रिडचं. शाळा, कॉलेजं, कारखान्यांच्या कचेऱ्या, इथले संगणक दिवसातला निम्मा वेळ नुसते बसून असतात. ते एकमेकांना जोडायचे, एखाद्या अवाढव्य गणिताचे तुकडे करून त्यांच्यात वाटायचे आणि उत्तरं गोळा करायची. महागडं यंत्र घ्यायला नको. हे शहरातल्या पुष्कळांना जमत होतं. पण आमचं सॉफ्टवेअर मुरुडात जन्मलेलं, जिथे वीज विचारून जात नाही. चालू मशीन कुठल्याही क्षणी नाहीसं होणार, हे धरूनच माझ्या मित्राने सगळं रचलं होतं. मशीन गेलं की त्याचा तुकडा बिनबोभाट दुसऱ्याकडे. मोठ्या कंपनीकडे गिऱ्हाइकं होती, विक्री होती, गोड बोलणारी माणसं होती. ही युक्ती नव्हती. तेवढ्यावरच आम्ही टिकून होतो.

करार नव्याने करायची वेळ आली तेव्हा त्यांनी कळवलं, आधी सगळी तांत्रिक माहिती लिहून द्या, मग बोलू. द्यावी लागणारच होती. किती खोलात शिरून लिहायची, ते मात्र आमच्या हातात होतं.

“वरवरचं लिही,” तो म्हणाला. “वीज जाण्याचं प्रकरण आपल्या डोक्यात राहू दे. अडले की फोन करतील. त्यांनी फोन करायलाच पाहिजे, बाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मास्तरांची मुलगी. अर्धवट वही मी जन्मात कुणाला दिलेली नाही. आणि खरं सांगते, मला मिरवायचं होतं. त्या कोपऱ्यातल्या बारीक नावाचं उट्टं काढायचं होतं. त्यांनी वाचावं आणि तोंडात बोटं घालावीत. त्या भरात मी त्याला म्हणाले, “तुला कामाचं काही पडलेलं नाही. तुला फक्त स्वतःची जागा राखायचीय.”

खाली स्टँडवर एक गाडी मागे घेत होते, ती पूर्ण लागेपर्यंत तो बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “बरं, विचार काय विचारायचंय ते.”

दोन महिने मी लिहीत होते. खोदून खोदून विचारायची, आणि त्याने एकही प्रश्न टाळला नाही. एकशे बारा पानं झाली. शेवटी फाइल त्याच्याकडे तपासायला दिली. चार दिवसांनी म्हणाला, “बघितली. जाऊ दे.” मी पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी त्यांनी नवी मुंबईला बोलावलं. कॉफी आली, बिस्किटं आली. त्यांचे साहेब म्हणाले, इतकं नेटकं काम आम्ही पाहिलं नव्हतं, आमच्या मुलांनी नुसतं वाचून सगळं आपलं आपण चालवून दाखवलं, तेव्हा आता करार पुढे न्यायची गरज वाटत नाही. मी ‘थँक्यू’ म्हणाले. कौतुक झालं की थँक्यू म्हणायचं, अंगवळणी पडलेलं. परतीच्या वाटेवर तो मला एकदाही “सांगितलं होतं ना” म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी भांडले असते, आणि ते सोपं गेलं असतं.

मग आम्ही चार दारं ठोठावली. सगळीकडे एकच ऐकलं, हल्ली मोठ्या कंपन्यांची मशीनं भाड्याने मिळतात, ही जोडाजोडी कोण करत बसतंय. लॉजवाल्याला सीझनसाठी खोल्या हव्याच होत्या. खालाने बॅग काढली तेव्हा मी तिथेच होते. एकेक गोधडी काढून ती पलंगावर रचत होती. रडत नव्हती. रिकामी बॅग माझ्याकडे सरकवून म्हणाली, “जरा झटकून दे गं.” मी झटकून दिली.

तो परत कतारला गेला. त्यानंतर काही महिन्यांनी मोठ्या कंपनीतल्या एका इंजिनीअर मुलीचा फोन आला. आभार मानायला. “मॅडम, ते सत्तेचाळिसावं पान नसतं ना, तर आम्ही अजून तुमच्याच दारात बसलो असतो.”

मी फाइल उघडली. वीज परत आली की जुनं मशीन जागं होतं आणि आपलं अर्धवट उत्तर जमा करायला बघतं. म्हणून मशीन गेल्या क्षणीच त्याचं उत्तर आधी बाद ठरवून ठेवायचं, मगच तो तुकडा दुसऱ्याला द्यायचा. हा क्रम उलटा झाला तर सगळंच गणित हळूहळू नासतं, आणि कशामुळे ते कुणाला सापडत नाही. सत्तेचाळिसाव्या पानावर क्रम बरोबर होता. पण मी तसं लिहिल्याचं मला आठवेना. फाइलीतल्या जुन्या नोंदी काढून बघितल्या. मी उलटंच लिहिलं होतं. तपासायला दिल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने ते दुरुस्त केलं होतं, आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता.

शुक्रवारी त्याला सुट्टी असते. मी फोन केला.

“चुकलं होतं, म्हणून नीट केलं,” तो म्हणाला.

“तसंच जाऊ दिलं असतंस तर ते आपल्याकडे आले असते. तू आज इथे असतास.”

“तू म्हणाली होतीस ना, जागा राखतोय म्हणून.” रागाने नाही, जेवलीस का विचारावं तसं म्हणाला.

संध्याकाळी मी खालाकडे गेले. गोधड्या अजून पलंगावरच होत्या, ती त्यांच्या कडेला जागा करून झोपते. माझ्यासाठी तिने खुर्ची पुसली आणि विचारलं, “तुमच्या त्या कामात तो हुशार होता का गं? मला त्यातलं काय कळत न्हाय.”

“फार हुशार होता, खाला.”

“मग ठेवला का न्हाय त्यांनी?”

मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांचं काही सांगता येत नाही. तिने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.